चहातला च

“चौकट सरळ आहे हो मिस्त्री. इथली भिंतच कलली आहे,” पलंगावर बसल्याबसल्या त्या घरच्या आजी म्हणाल्या आणि दादांचा हात गुण्यावरच थांबला.

मी मनात म्हटलं, झालं, आता आवरा. दादा म्हणजे माझे वडील. उभा जन्म सुतारकामात गेलेला माणूस, आणि गुण्या हे त्यांचं काटकोन तपासायचं हत्यार. दादांच्या गुण्याला नाव ठेवणं म्हणजे आपल्या हाताने भांडण ओढवून घेणं. एकदा एक वकील नुसतं “जरा नीट लावून बघा ना” म्हणाला, तर दादा अर्धं कपाट तिथेच टाकून घरी आले होते. पुढचे पंधरा दिवस मी फोनवर त्या वकिलाची समजूत काढत होते. आमच्या वर्कशॉपचे फोन, मापांच्या वह्या आणि गिऱ्हाइकांची मनधरणी ही खाती माझ्याकडे. दादांकडे लाकूड आणि राग.

पण त्या दिवशी राग आलाच नाही. दादा वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “काय म्हणालात आजी?”

“म्हटलं, चौकट सरळ आहे.”

“हो?”

“हो काय, हो? सरळच आहे. त्या बिचाऱ्या चौकटीला कशाला दोष देता?”

“बरोबर आहे तुमचं,” दादा म्हणाले आणि त्याच कोपऱ्याला आणखी तीनदा गुण्या लावत बसले. त्यांच्या पाठीकडे बघता बघता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आजींचा च!

आता हे कागदावर दाखवायची पंचाईत आहे. आपल्या लिपीत दोन्ही च एकाच खुर्चीवर बसतात. इकडे आम्ही चौकट, पाचर, खाच म्हणतो तेव्हा त्यातला च चमच्यातला असतो. डोंगरापलीकडे, जिथून दादा आले, तिथे तो चहातला होतो. तोंड उघडताना चहा म्हणायचं ठरवा आणि मध्येच विचार बदलून चौकट म्हणा, की झाली तिकडची चौकट. शिवाय रंध्यातला र तिकडे जरा लांबतो, उंबरठ्यातल्या ठचा जोर ओसरतो आणि जोड म्हणताना ज जिन्यातला लागतो. एवढाच काय तो फरक. पण आमच्या घरात तसं बोलणारं एकच माणूस होतं. ती माझी आई, आणि ती तीन वर्षांपूर्वी गेली.

काम तसं लहान होतं. आजींचं डोंगरापलीकडचं घर पाडायचं ठरलं तेव्हा मुलगा त्यांना म्हणाला, तुला हवं ते बरोबर घे. “लोक भांडीकुंडी आणतात, आमच्या आईने दार आणलं,” असं त्याने आम्हाला हसत हसत सांगितलं. हसण्यात थोडा वैतागही होता, कारण ते दार चौथ्या मजल्यावर चढवताना त्याची पाठ धरली होती. दोन झडपांचं, काळपट, जाडजूड दार चादरीत गुंडाळून बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवलेलं होतं. आजींना ते आपल्या खोलीला लावून हवं होतं. खोलीची चौकट मात्र नवी, आणि दारापेक्षा चार बोटं बुटकी.

“खालून कापून टाका चार बोटं,” मुलगा म्हणाला. “एका दिवसाचं काम.”

“कापायला काय, कापता येईल,” दादा म्हणाले. “पण या दारात एकही खिळा नाही. आडव्या पट्टीची कूस, म्हणजे पुढे आलेलं टोक, उभ्या पट्टीच्या साळीत, म्हणजे भोकात, घालून वरून पाचर ठोकली आहे. खालून कापलं की खालची पट्टीच गेली. मग दार सहा महिन्यांत मान टाकेल.”

“मग?”

“सांधे उकलायचे, उभ्या पट्ट्या कमी करायच्या, नव्या खाचा पाडायच्या, पुन्हा जुळवायचं. तीन दिवस.”

तीन दिवसांचे अकरा झाले. कसे झाले ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी दादांनी पहिला सांधा उकलला. लाकडी मोगरीने दोन बाजूंनी टकटक करत जुनी पाचर बाहेर काढली. बोटाएवढा लाकडाचा तुकडा, एका टोकाला निमुळता. ती हातात धरून ते पलंगाजवळ गेले आणि एखादी नवलाची वस्तू दाखवावी तशी आजींसमोर धरली. “आजी, याला तुमच्याकडे काय म्हणतात हो?”

माझ्या हातातलं भोकं पाडायचं गिरमिट पडता पडता राहिलं. ज्या माणसाने आयुष्यात हजारो पाचरी तासल्या, तो विचारतोय!

“पाचर,” आजी म्हणाल्या.

“आम्हीही पाचरच म्हणतो.”

“छे! तुम्ही पाचर म्हणता. आम्ही पाचर म्हणतो.”

हे वाक्य वाचताना तुम्हाला आजी भ्रमिष्ट वाटतील. पण त्या खोलीत दोघांनाही ते शंभर टक्के समजलं होतं. आजी खूश झाल्या. त्यांना कोणी काही विचारत नसे, त्यामुळे सांगायचं बरंच साठलं होतं. हे दार त्यांच्या सासऱ्यांनी घडवलं होतं. नव्या नवरीला काम काय द्यायचं, तर मोठ्या करवतीचं दुसरं टोक धरायला लावलं. “मला म्हणायचे, ओढू नको, नुसती सोबत दे. करवत आपली आपण येते,” आजींनी दोन्ही हात पुढे करून दाखवलं. “हातांना फोड आले, पण मी हूं की चूं केलं नाही. म्हणून तर हे दार माझं. बाकीचं घर त्यांचं.”

मग रोजचा पाठच सुरू झाला. दादा एकेक हत्यार दाखवायचे, आजी नाव सांगायच्या. रंधा, पटाशी, करवत. दादा “असं होय” म्हणून मान डोलवायचे आणि मग कामाला लागायचे, तेही असं रमतगमत, की आमच्या वर्कशॉपमध्ये कोणी तसं केलं असतं तर त्याची धडगत नव्हती. दोन बोटांची खाच पाडायला अख्खी सकाळ. मुलगा कामावर जाताना डोकावून बघायचा आणि संध्याकाळी आल्यावर मोठा सुस्कारा सोडायचा.

चौथ्या दिवशी परतताना मी स्कूटर थांबवली. दादा मागे बसले होते, मांडीवर पिशवी घेऊन.

“दादा, त्यांना सांगत का नाही, मीही तिकडचाच म्हणून?”

“आता कसं सांगू? पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. आता खोटं उघडं पडेल.”

“पण खोटं बोललातच का?”

त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाले, “सांगितलं असतं तर दोन मिनिटं गाव विचारलं असतं, ओळखीपाळखी निघाल्या असत्या, विषय संपला असता. शब्द कोण म्हणून दाखवणार? माहीत असलेल्या माणसाला कोणी शब्द सांगत नाही.”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी गाडी सुरू केली.

दादा चोविसाव्या वर्षी इकडे आले ते एका मोठ्या लाकडाच्या कारखान्यात. तिथे पहिल्याच दिवशी त्यांनी पाचर मागितली आणि सगळे खो खो हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं चहा. “ए चहा, करवत दे. ए चहा, तुझी चौकट बघ.” तरण्याताठ्या माणसाने किती दिवस हसण्यावारी न्यायचं? त्यातून तिकडच्या कारागिरांबद्दल इकडे एक समज होता, की ही माणसं काम अर्धवट टाकून गावाला पळतात. तोंड उघडलं की गिऱ्हाईक सावध व्हायचं. मग दादांनी जीभ तासायला घेतली. लाकूड तासायचे तशीच, रोज थोडी थोडी. वर्षभरात त्यांचा च चमच्यात जाऊन बसला. पुढे स्वतःचं वर्कशॉप झालं तेव्हा हा माणूस बाहेरून आला आहे, हे कोणाला सांगूनही पटलं नसतं.

आई बदलली नाही. “माझी जीभ काही कोणाच्या रंध्याने तासायची नाही,” म्हणायची. वर्कशॉप घराच्या पुढच्या खोलीत होतं. गिऱ्हाईक आलं की ती मध्येच बोलायची, कारण तिलाही लाकडातलं कळायचं. एकदा एका बाईंनी तिचं बोलणं ऐकून विचारलं, “तुम्ही तिकडचे का?” त्या संध्याकाळी दादांनी आईला सांगितलं, “गिऱ्हाईक आलं की तू आत थांबत जा.” मी नऊ-दहा वर्षांची असेन. मला वाटलं, आता आई कडाडणार. पण ती नुसतं “बरं” म्हणाली. त्यानंतर फाटकाची कडी वाजली की ती हातातलं शिवण उचलून आत जाऊन बसायची. तीसएक वर्षं. सांगायची गोष्ट म्हणजे मलाही तेव्हा हायसं वाटलं होतं. माझ्या मैत्रिणी यायच्या ना घरी.

सातव्या दिवशी दुपारी मी एका घरी खण बसवून वर्कशॉपवर परत आले. दादा त्या दिवशी नव्या पाचरी तासायला तिथेच थांबले होते, पण यंत्र बंद होतं. दादा दाराकडे पाठ करून बाकावर बसले होते आणि कोणाशी तरी बोलत होते. आत दुसरं कोणी नव्हतं.

“पाचर,” ते म्हणत होते. “पाचर. पाचर.”

पहिल्यांदा म्हटलं ते आमच्यासारखं झालं. मग त्यांनी च इतका ओला केला की नाटकातला खेडवळ गडी बोलावा तसं झालं. मग पुन्हा आमच्यासारखं. मध्येच ते थांबले, जीभ बाहेर काढून बोटाने चाचपली, जणू कुठे गाठ राहिली आहे. मला हसू आलं आणि मी ते दाबलं. माझा पाय भुशात खसखसला तसे ते वळले.

“येत नाही गं,” ते म्हणाले. लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. “कानात स्पष्ट ऐकू येतं. तोंडात येईपर्यंत बदलतं.”

“पाचर,” मी म्हटलं.

अगदी आईसारखं. मला स्वतःलाच धक्का बसला. दादा उठून उभे राहिले.

“तुला कुठून येतं?”

“लहानपणी आईला चिडवायचे ना. मैत्रिणींसमोर नक्कल करायचे तिची.”

“मग परत चिडव.”

मी मानेनेच नाही म्हटलं. मग खाली बसून ते बाकावरचा भुसा हाताने गोळा करू लागले.

“तिला आत बसवलं मी,” ते म्हणाले. “चांगली बोलकी बाई होती. आणि आता तेच बोलणं ऐकायला लोकांच्या दारात जाऊन बसतोय. मला तिकडचा म्हणून ओळखणारी तेवढी एकच होती. ती गेल्यावर मी कुठला राहिलो? मरण्याआधी एकदा कोणी तरी मला म्हणावं, तुम्ही आमच्याकडचे की हो! बस. दुसरं काही नको.”

“मग सांगा आजींना. उशीर झाला तर झाला.”

“सांगेन. दार लागलं की सांगेन.”

त्या भीतीनेच बहुधा दार लागेना. नवव्या दिवशी दोन्ही झडपा बिजागऱ्यांवर चढल्या, पण डावी झडप खाली उंबरठ्याला किंचित घासत होती. केसाएवढं अंतर. रंध्याचे दोन हात मारले असते तर काम फत्ते होतं. दादांनी हत्यारं पिशवीत भरली. “उद्या बघू,” ते म्हणाले.

घासतं दार तसंच टाकून घरी जाणं! आमच्या धंद्यात एक वेळ बोट कापून घेतील, पण हे करणार नाहीत. दार घासत राहिलं तर रात्रभर सुताराला त्याचा आवाज ऐकू येतो, असं दादांनीच मला शिकवलं होतं. मी स्कूटर काढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा आजी काठी टेकत दाराशीच उभ्या होत्या. झडप पुढे-मागे करून दाखवत म्हणाल्या, “मिस्त्री, हे तुम्ही मुद्दाम ठेवलंत.”

दादांची मान खाली गेली.

“मला ओळखू येतं. कंटाळा आला असेल तर तसं सांगा. पण तिकडचा सुतार असता तर असं ठेवून गेला नसता हो.”

त्या दिवशी दादांनी एका शब्दानेही काही विचारलं नाही. झडप उतरवली, रंधा मारला, चढवली, पुन्हा उतरवली. कड्या-कोयंडे घासूनपुसून बसवले. सगळ्या पाचरी नव्या तासल्या होत्या, त्या एकेक करून पारखल्या. अकराव्या दिवशी सकाळी शेवटचं तेलाचं फडकं फिरलं आणि काम संपलं. आता रेंगाळायला निमित्त उरलं नव्हतं.

आजी पलंगावरून उतरल्या. एका बोटाने त्यांनी डावी झडप ढकलली. ती न कुरकुरता गेली आणि जिथे सोडली तिथेच थांबली. उजवी ढकलली, तीही तशीच. मग त्या आत गेल्या, दोन्ही झडपा लावून घेतल्या, आणि बराच वेळ आतून कसलाच आवाज आला नाही. दादा आणि मी बाहेर उभे. दार उघडलं तेव्हा आजींचा पदर डोळ्यांना होता.

“तसाच अंधार पडतो आत,” त्या म्हणाल्या. “तुमचे हात सोन्याचे आहेत मिस्त्री. काल बोलले ते विसरा.”

दादांनी हात विजारीला पुसले. नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखे ताठ उभे राहिले.

“आजी, एक सांगायचं राहिलं. मी पण तिकडचाच आहे.”

त्यांनी गावाचं नाव सांगितलं. आजींच्या गावापासून तासाभराच्या वाटेवरचं. आजींनी त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि त्या हसल्या. कुचेष्टेने नाही, लेकराच्या थापेला हसावं तसं.

“गावाचं नाव काय, मीच घेतलं असेल चारदा बोलता बोलता. बरं, म्हणा बघू, पाचर.”

दादांनी एक श्वास घेतला. “पाचर,” ते म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले होते. तो च चमच्यातला नव्हता आणि चहातलाही नव्हता. दोन्हींच्या मध्ये कुठे तरी अडकला होता.

“छान!” आजी म्हणाल्या. “अकरा दिवसांत खरंच चांगलं जमवलंत. इकडच्या माणसाला वाटेलसुद्धा खरं. पण तिकडच्याला लगेच कळेल हो, की हा आपला नाही.”

मी पुढे झाले. म्हटलं आता मी सांगते, कारखाना सांगते, आई सांगते, सगळं सांगते. दादांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. त्या हाताला तेलाचा वास येत होता.

“बरोबर ओळखलंत आजी,” ते म्हणाले. “मी इकडचाच. गंमत केली तुमची.”

“मला वाटलंच. पण हौस आहे तुम्हाला, हे आवडलं मला. माझ्या नातवाला सांगून थकले, तो ढुंकून बघत नाही. खरंच शिकायचंय का?”

“शिकवाल?”

“न शिकवायला काय झालं? घाई नाही ना तुम्हाला?”

“नाही,” दादा म्हणाले. “आता कसली घाई!”

आजी पलंगाच्या कडेला बसल्या. दादांनी इकडेतिकडे बघितलं. खोलीत खुर्ची नव्हती. गुडघ्यावर हात टेकून ते सावकाश खाली, उंबरठ्यावर बसले. अडुसष्ट वर्षांचे माझे वडील, चष्म्यावर भुसा, दोन्ही हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलासारखे वर बघत होते. मी खांद्याला अडकवलेली हत्यारांची पिशवी हळूच जमिनीवर ठेवली.

“जीभ दातांना लावू नका,” आजी म्हणाल्या. “वर टाळूला लावा. अशी. पाचर.”

“पाचर.”

“अं हं. परत.”

दादांनी ओठ पुसले आणि परत म्हटलं.